गाडी ‘पार्क’मधून हलेना, तेव्हा...

बँकेतील अधिकाऱ्याला बदलीच्या आदेशासोबत दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक, नव्या गावातील भाड्याचे घर आणि दुसरी, तिजोरीची किल्ली. माझी बदली उत्तराखंडातील रुरकीपासून काही अंतरावर, लक्सरच्या बाजूस असलेल्या एका ग्रामीण शाखेत झाली, तेव्हा या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट आली. ती म्हणजे एक जुनी, ऑटोमॅटिक गिअरची मोटार. दुसरीकडे बदलून गेलेल्या एका सहकाऱ्याने ती नऊ वर्षे वापरली होती. माझ्या डाव्या गुडघ्याला महाविद्यालयीन दिवसांतील एका दुचाकीच्या अपघाताची आठवण कायमची जडलेली आहे. त्यामुळे क्लच नसलेली गाडी हा माझ्यापुरता चैनीचा नव्हे, तर सोयीचा प्रश्न होता.

घरात एकाच व्यक्तीला ही खरेदी पटली नव्हती. माझे वडील, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, ते एस. टी. महामंडळाच्या सातारा आगारात बत्तीस वर्षे चालक होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात जपून ठेवला आहे. हिवाळ्यात ते आमच्याकडे राहावयास आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, “ह्यात गाडी आपण चालवायची, का गाडी आपल्याला चालवणार?” मी हसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला जानेवारीतील एका सकाळी मिळाले.

उत्तरेकडील धुक्याची कल्पना महाराष्ट्रातील वाचकांना सहजी येणार नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, तसे येथे जानेवारीत सपाट प्रदेशात सकाळचे दहा-दहा वाजेपर्यंत पांढरे आवरण असते. समोरच्या घराचे फाटक दिसत नाही. त्याच दिवसांत उसाचा हंगाम जोरात असतो. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे दोन-दोन हात बाहेर आलेला ऊस घेऊन ट्रॉल्या साखर कारखान्याकडे जात असतात. त्यांच्या मागे दिवा असला तरी तो उसाच्या वाढ्यांत झाकलेला असतो. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ऊस नवा नाही. परंतु धुक्यातली उसाची ट्रॉली हे प्रकरण निराळे.

त्या दिवशी महिन्याच्या आरंभीचा, म्हणजे निवृत्तिवेतन काढावयास येणाऱ्या ज्येष्ठांचा दिवस होता. आमच्या शाखेत तिजोरीचा ताबा नियमाप्रमाणे दोघांकडे असतो. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याखेरीज तिजोरी उघडत नाही, आणि आपली किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती देता येत नाही. मी पोहोचलो नाही तर शाखेचे दार उघडे, माणसे बाहेर उभी आणि रोकड मात्र आत बंद, अशी स्थिती होणार हे उघड होते.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी गाडीत बसलो. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले, दिवे लावले. ब्रेकवर पाय ठेवून गिअरच्या दांड्यावरील कळ दाबली आणि दांडा मागे ओढला. तो हलला नाही. ब्रेक सोडला, पुन्हा दाबला. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले. दांड्याला थोडा झटका दिला, मग (हे लिहिताना मला संकोच वाटतो) दोन्ही हातांनी ओढून पाहिला. दांडा ‘पी’ या अक्षरासमोर, सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याप्रमाणे, निश्चिंत उभा होता.

आता हे ‘पी’ म्हणजे काय, ते सांगणे आवश्यक आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या मालकांपैकीही पुष्कळांचा समज असा असतो की ‘पी’ हा एक प्रकारचा ब्रेक आहे. वस्तुतः तो ब्रेक नव्हे, अडसर आहे. गिअरपेटीतून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर एक जाड दातेरी चाक बसवलेले असते. आपण ‘पी’ निवडतो तेव्हा बोटाएवढी एक पोलादी खिटी त्या चाकाच्या दोन दातांमध्ये जाऊन बसते आणि चाके जागच्या जागी अडतात. वाड्याच्या दाराला आतून आडणा घालावा, तसाच हा प्रकार. दार रोखून धरण्यास तो पुरेसा, परंतु गडगडत येणाऱ्या वस्तूला थांबवणे हे त्याचे काम नव्हे. म्हणूनच गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी दांडा ‘पी’मध्ये ढकलणे म्हणजे ती खिटी फिरत्या दातांवर खडखडवणे होय.

पहिल्या ऑटोमॅटिक गाड्यांत हा आडणा नव्हताही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटी आणली, तीत ‘पी’ नव्हता. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये टाकावयाचा, की गाडी अडे. पुढे ‘पी’ आला आणि त्यासोबत एक नवा प्रश्नही आला. ज्या दांड्याने गाडी बांधून ठेवायची, त्याच दांड्याच्या एका ओढीत ती सुटणार. मग ती ओढ गाडीत खेळत बसलेल्या मुलाची असली तरी!

या प्रश्नाला चालना मिळाली ती १९८० च्या दशकात. अमेरिकेत ऑडी ५००० या मोटारीविषयी अशा तक्रारी येऊ लागल्या की दांडा ‘पी’मधून काढताच गाडी आपोआप उसळी घेते. नोव्हेंबर १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने तो विषय घरोघरी नेला आणि त्या गाडीची विक्री कोसळली. तेथील रस्ते-वाहतूक सुरक्षा प्रशासनाने करवून घेतलेल्या अभ्यासाचा अहवाल १९८९ मध्ये आला. ज्या घटनांत यंत्राचा दोष सापडत नाही, त्यांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला असण्याचीच शक्यता अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. दरम्यान ऑडीने एक साधा उपाय केला होता. ब्रेकवर पाय असल्याखेरीज दांडा ‘पी’मधून सुटूच नये, अशी कडी तिने गाड्यांत बसवली. ही कडी हळूहळू इतर कंपन्यांनीही स्वीकारली. पुढे अमेरिकेत लहान मुलांच्या मोटार-सुरक्षेविषयीचा एक कायदा २८ फेब्रुवारी २००८ रोजी संमत झाला. गाडी मागे घेताना चाकाखाली सापडून २००२ साली दगावलेल्या दोन वर्षांच्या कॅमेरॉन गुलब्रान्सेन या बालकाचे नाव त्याला दिलेले आहे. या कायद्यान्वये १ सप्टेंबर २०१० पासून तेथे तयार होणाऱ्या, ‘पी’ असलेल्या मोटारींना व हलक्या वाहनांना ही कडी सक्तीची झाली.

बँकेच्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. हा दुहेरी ताबाच आहे. एक किल्ली हातात, दुसरी पायाखाली.

आता त्या कडीचे काम कसे चालते ते पाहू. दांड्याच्या बुडाशी, आसनांमधल्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, एक छोटा विद्युतचुंबक असतो. कारागीर त्याला सोलेनॉइड म्हणतात. सर्वसाधारण रचनेत, किल्ली ‘ऑन’ला असताना ब्रेक दाबला की त्याच्यात वीज जाते, तो एक लहानशी पिन ओढतो, बारीक ‘टक्’ असा आवाज होतो आणि दांडा मोकळा होतो. ब्रेक दाबला गेला हे या चुंबकाला कोण सांगतो? ब्रेकच्या पायपट्टीच्या वरच्या टोकाशी बसवलेला, अंगठ्याएवढा एक स्विच. गाडीच्या मागचे ब्रेकदिवे लावण्याचे काम मुळात याचेच. म्हणजे एकाच स्विचच्या सहीने दोन व्यवहार होतात. मागच्या वाहनाला सूचना, आणि पुढच्या दांड्याला मोकळीक. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि त्या सकाळी मला नेमकी तीच ठाऊक नव्हती.

मला जे ठाऊक होते, ते मालक-पुस्तिकेत वाचलेले होते. गाडीसोबत मिळणारे ते जाडजूड पुस्तक आपण सहसा हातमोज्यांच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली पुरून ठेवतो. मी ते उपसले. दांड्याशेजारी नखाएवढे एक झाकण आहे, हँडब्रेक ओढून व पाय ब्रेकवर ठेवून ते उचकटावे, आतील कळ किल्लीच्या टोकाने दाबून धरावी आणि दांडा न्यूट्रलमध्ये आणावा, असे त्यात लिहिले होते. मी तसे केले. दांडा विनातक्रार सरकला. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर पदवीधराने, जेथे १८४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले त्या रुरकीत, एकट्याने यंत्रावर मात केली होती! घड्याळात आठ अठ्ठावन्न झाले होते. दांडा रिव्हर्समध्ये टाकून मी गाडी फाटकाबाहेर मागे घेऊ लागलो.

तात्या मफलर गुंडाळून गाडीच्या मागे उभे होते. बत्तीस वर्षे वाहकाच्या घंटीवर गाडी मागे घेतलेला हा माणूस, निवृत्तीनंतर स्वतःच वाहकाच्या जागी उभा राहतो. त्यांनी बोनेटपर्यंत पोहोचेल अशा आवाजात “थांब!” म्हटले. मी ब्रेक दाबला.

“परत दाब.”

दाबला.

“दाबलास का?”

“दाबला की, तात्या. उशीर होतोय मला.”

ते खिडकीशी आले. “मागं काय वाढंना. ब्रेकचा दिवा न्हाई तुझ्या गाडीला.”

मी म्हणालो की मागचे तांबडे दिवे तर लागलेले दिसत आहेत. खरोखरच धुक्यामुळे मी समोरचे दिवे लावले होते आणि त्यांच्याबरोबर मागचेही मंद लाल दिवे लागले होते. तात्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. “ते दिवं गाडी हाय एवढंच सांगत्यात. गाडी थांबतीय, हे मागच्याला कोण सांगणार?”

मी वाद घातला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मी किल्लीचा विषय काढला. पन्नास-साठ म्हातारी माणसे थंडीत उभी राहतील, हेही सांगितले. आपण हळू जाऊ, जपून चालवू, असेही म्हटले. त्यावर ते एवढेच म्हणाले की, तू हळू जाशील, मागचा हळू येणार का? आणि मग त्यांनी, मी सहावीत असताना माझ्या सायकलची किल्ली काढून घेतली होती, अगदी त्याच हाताने गाडीची किल्ली फिरवून काढून घेतली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तिजोरीचा संयुक्त ताबेदार असलेल्या अधिकाऱ्याच्या हातात आता फक्त बँकेची किल्ली उरली होती. गाडी आम्ही दोघांनी ढकलून पुन्हा फाटकाआत घेतली.

शाखेकडे मी आधी विक्रम टेंपोने आणि मग बसने गेलो. बसच्या पुढच्या आसनावरून मला तासभर एकच दृश्य दिसत होते. धुके आणि धुक्यात मधूनच पेटणारे, तीव्र होणारे, पुन्हा मंदावणारे लाल ठिपके. ते तीव्र झाले की आमचा चालक पाय आवळत असे. एका वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. तिला दिवा नव्हता, मात्र मागच्या बाजूस दोन पोरांनी पेटते टेंभे धरले होते. त्या बसमध्ये बसून तात्यांशी मनातल्या मनात चाललेला माझा वाद लक्सर फाटा येण्यापूर्वीच संपला.

शाखेत पोहोचावयास सव्वादहा वाजून गेले. बाहेर शेकोटीभोवती मंडळी बसली होती. एक निवृत्त हवालदार, जे दरमहा माझ्याकडून पासबुकातील प्रत्येक नोंद मोठ्याने वाचून घेतात, ते उठून म्हणाले, “चाबी आ गई, बैठ जाओ सब लाइन से।” उशिराचे कारण मी व्यवस्थापकांना लेखी दिले. त्यात ‘वाहनातील तांत्रिक बिघाड’ असे लिहिले, ‘वडिलांनी किल्ली काढून घेतली’ असे लिहिले नाही.

संध्याकाळी मोटार-वीजतंत्री घरी आला. त्याने केलेली तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली आणि तिचा क्रम मला इतका आवडला की तो येथे सविस्तर सांगतो. हिशेबतपासनीस जसा व्यवहाराच्या उगमापासून खतावणीपर्यंत नोंद तपासत जातो, तसाच तो गेला.

सर्वप्रथम त्याने गाडीला काही विचारले नाही, मला विचारले. किल्ली खरोखर ‘ऑन’ला होती का? ब्रेक पुरेसा दाबला होता का? हे प्रश्न बालिश वाटतात, परंतु त्याच्या सांगण्यानुसार निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. इंजिन बंद असताना ब्रेक तीन-चारदा दाबला तर त्याला मदत करणारी निर्वात शक्ती संपते आणि पायपट्टी दगडासारखी कडक होते. अशा वेळी पाय टेकवलेला असतो, पण पट्टी पुरेशी खाली गेलेली नसते. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत ब्रेक न दाबता बटण दाबले तर केवळ रेडिओपुरती वीज सुरू होते आणि मालक दांड्याशी झगडत बसतो. बॅटरी उतरली असली तरीही चुंबकाला पिन ओढण्याइतका जोर राहत नाही. घड्याळ चालते, दिवे मिणमिणतात, म्हणून बॅटरी शाबूत आहे असे मानू नये.

मग त्याने तात्यांना गाडीमागे उभे केले आणि मला ब्रेक दाबावयास सांगितले. डावा, उजवा आणि काचेतला मधला, तिन्ही दिवे गप्प. “तीन-तीन बल्ब एकदम जात न्हाईत,” असे तात्यांनी मराठीत आणि त्याच वेळी कारागिराने हिंदीत म्हटले. दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिले. दिवे लागत असते आणि दांडा तरीही अडला असता, तर संशय दांड्याजवळच्या चुंबकाकडे गेला असता. दिवेही लागत नाहीत आणि दांडाही हलत नाही, याचा अर्थ दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे.

त्या वाटेवर दोनच जागा संभवतात, फ्यूज आणि स्विच. फ्यूजपेटी चालकाच्या गुडघ्याजवळ असते आणि तिच्या झाकणावर नकाशा असतो. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेकदिवे एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा हॉर्न वाजतो की नाही यावरूनही अंदाज बांधता येतो. आमचा फ्यूज शाबूत निघाला. तो जळालेला असता तर जितक्या अँपिअरचा तो होता तितक्याच अँपिअरचा नवा बसवणे एवढेच काम उरले असते. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालवण्याची’ कला आपल्या देशात सर्वत्र अवगत आहे. आगीला निमंत्रण देण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होय.

अखेर कारागीर उताणा होऊन पायपट्ट्यांच्या जागेत शिरला. स्विचच्या एका टोकाला वीज येत होती. ब्रेक दाबल्यावर ती दुसऱ्या टोकाला जात नव्हती. त्याने तारेच्या तुकड्याने ती दोन टोके क्षणभर जोडली. त्या क्षणी मागे लाल उजेड पडला आणि दांड्याच्या बुडातून तो हरवलेला ‘टक्’ आवाज आला. नऊ वर्षांत लक्षावधी वेळा दाबला गेलेला तो स्विच आतून झिजून गेला होता. नवा स्विच, बसवण्याच्या मजुरीसह, चारशे साठ रुपयांत झाला. नव्या स्विचची दट्ट्या आणि पायपट्टी यांतील अंतर नीट जुळवावे लागते, त्यात त्याने घेतलेला वेळ बदलण्याच्या वेळेपेक्षा अधिक होता.

जाता जाता त्याने याच्या उलट दुखणेही सांगितले. पायपट्टीवर जेथे स्विचची दट्ट्या टेकते, तेथे रबराची किंवा प्लॅस्टिकची एक चकती असते. ती जुनी होऊन भुगा झाली की दट्ट्या त्या भोकातून आरपार जाते. मग ब्रेक न दाबताही दिवे सतत लागलेले राहतात, रात्रीतून बॅटरी उतरते आणि दांडा मात्र कोणाच्याही हाती सहज सुटतो. गाडीत पायाशी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर ते झाडून फेकण्यापूर्वी वर एकदा पाहावे.

क्वचित दोष विजेचा नसतोच. दांड्याच्या खाचेत सांडलेला गोड चहा वाळून पिन चिकटल्याचे, किंवा टोलनाक्यावर हातातून निसटलेले नाणे खाचेत अडकल्याचे प्रकार घडतात. आणि दांडा हलतो, पण गाडी ‘पी’मधून सुटत नाही असे झाल्यास, दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत जाणारी केबल निसटलेली किंवा तिच्या टोकाची प्लॅस्टिकची कडी तुटलेली असू शकते. हे दुखणे अधिक गंभीर. कारण अशा गाडीत दांडा दाखवतो एक आणि गिअरपेटीत असते दुसरेच. तिला हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी करावी आणि पुढचे काम कार्यशाळेवर सोपवावे.

मे महिन्यात मुले आली आणि आम्ही मसुरीला गेलो. तेथे एका उतारावर गाडी लावून फिरून आलो, तर दांडा पुन्हा अडलेला. माझा जीव खाली-वर झाला. परंतु ब्रेक दाबताच ‘टक्’ आवाज आला, तात्यांनी मागून “दिवं हायत” असे सांगितले, म्हणजे वीज निर्दोष होती. या वेळी मी गाडी उतारावर थांबवून थेट ‘पी’मध्ये टाकली होती, मग हँडब्रेक ओढला आणि पाय सोडला. हँडब्रेक पुरेसा ओढलेला नसल्याने गाडी बोटभर खाली सरकली आणि तिचे सारे वजन त्या बोटाएवढ्या खिटीवर येऊन बसले. दातांमध्ये अशी दाबून बसलेली खिटी सहजी निघत नाही. तात्यांनी व दोन भल्या पर्यटकांनी गाडीला चढाच्या दिशेने थोडा रेटा दिला, मी पाय घट्ट ब्रेकवर ठेवून दांडा ओढला, तेव्हा ‘खट्ट’ असा आवाज होऊन तो सुटला. रेटा देणाऱ्यांनी गाडीच्या उताराकडील बाजूस उभे राहावे लागते, म्हणून चाकाला दगड आधी लावलेला हवा, आणि चालकाचा पाय ब्रेकवरून क्षणभरही उठता कामा नये.

हा प्रसंग टाळणे सोपे आहे. उतारावर थांबल्यावर पायब्रेक धरूनच दांडा न्यूट्रलमध्ये घ्यावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, मग पायब्रेक हळूच सैल करून गाडीचे वजन हँडब्रेकवर बसू द्यावे. गाडी स्थिर राहिली की पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ निवडावा. निघताना आधी ‘पी’मधून दांडा काढावा आणि हँडब्रेक शेवटी सोडावा. तात्यांना हे ऐकून नवल वाटले नाही. खंबाटकीच्या घाटात बंद पडलेली गाडी त्यांनी गिअरवर कधीच सोडली नव्हती.

ग्राहकांपैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत वाहनकर्ज घेऊन ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे, त्यांच्यातील काहींना हा लेख वाचताना आपल्या गाडीत ‘पी’ सापडणार नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या, एएमटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिअरपेटीत ‘पी’ सहसा नसतो. मूळ गिअरपेटी साधीच असून क्लच व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. ही गाडी उभी करताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावयाचा असतो. १९४० च्या ओल्ड्समोबिलची युक्ती अशी फिरून आपल्या दारात आली आहे. याउलट नव्या महागड्या गाड्यांत दांड्याऐवजी बटणे किंवा फिरती चकती असते आणि तिचा गिअरपेटीशी संबंध केवळ तारांचा असतो. तेथे नखाने उचकटावयाचे झाकण शोधू नये. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या बॅटरीची मदत घ्यावी, अन्यथा कंपनीच्या रस्ता-साहाय्य सेवेस बोलवावे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेकचा स्विच गेला तर बहुधा इंजिनही सुरू होत नाही, कारण त्यालाही ब्रेकची सही लागते. आणि ‘पी’त अडकलेली कोणतीही गाडी दोर बांधून ओढू नये. शक्ती मिळणारी चाके जमिनीवरून उचललेली हवीत, नाहीतर ती खिटी किंवा तिच्यासोबत गिअरपेटी मोडते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मग चारशे साठ रुपयांत बसत नाही.

राहिली ती झाकणाखालची कळ. तिचा उपयोग गाडी वाटेतून बाजूला घेण्यासाठी, कार्यशाळेच्या वाहनावर चढवण्यासाठी. ती दाबण्यापूर्वी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकदिवे पाहून घ्यावेत. एकटे असल्यास गाडीची पाठ भिंतीकडे अथवा दुकानाच्या काचेकडे करून आरशात पाहिले तरी लाल उजेड पडतो की नाही ते कळते. तिन्ही दिवे बंद असतील तर ती गाडी रस्त्यावर नेण्याच्या स्थितीत नाही. ब्रेकदिवा चालू असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वयेही बंधनकारक आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तात्या साताऱ्यास परतले. रुरकी स्थानकावर सामान चढवताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी खाली पडले. तो गाडीचा जुना स्विच होता. कारागिराने टाकून दिलेला तो तुकडा त्यांनी जानेवारीपासून जपून ठेवला होता. आगारातल्या जुन्या मित्रांना दाखवायचा आहे, असे ते म्हणाले. आता दर रविवारी त्यांचा दूरध्वनी येतो. नातवंडांची चौकशी होते, पावसाची होते आणि मग ते विचारतात, “दिवा पेटतोय नव्हं?” मी फाटकाच्या भिंतीवर पडलेला लाल उजेड आठवून ‘हो’ म्हणतो.